औषधचिठ्ठीवर वय, वजन आणि क्रिएटिनिन का हवे

रक्तातील क्रिएटिनिन १.० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असल्याचा अहवाल दोन माणसांच्या हाती येतो. एक आहे ३० वर्षांचा, ७५ किलो वजनाचा पुरुष आणि दुसरी ८० वर्षांची, ४५ किलो वजनाची स्त्री. दोघांचाही आकडा नेहमीच्या मर्यादेत बसतो, त्यामुळे अहवालात त्यापुढे कसलीही खूण नसते. मात्र मूत्रपिंडाच्या क्षमतेचा अंदाज देणारे आणि औषधाची मात्रा ठरवताना आजही सर्रास वापरले जाणारे कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचे १९७६ सालचे सूत्र लावून पाहिले, म्हणजे १४० मधून वय वजा करून त्याला वजनाने गुणले, क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागले आणि स्त्रियांच्या बाबतीत आलेल्या उत्तराला पुन्हा ०.८५ ने गुणले, तर त्या तरुणाचे उत्तर मिनिटाला सुमारे ११५ मिलिलिटर येते आणि त्या वृद्धेचे सुमारे ३२. तरीही दोघांना एकच औषध एकाच मात्रेत लिहून दिले जाऊ शकते, आणि ते चुकले आहे हे त्या चिठ्ठीकडे पाहून कोणालाही कळणार नाही, कारण चिठ्ठीवर औषधाचे नाव आणि दिवसातून किती वेळा घ्यायचे एवढेच असते.

मूत्रपिंड किंवा यकृत अधू असलेल्या रुग्णांच्या औषधमात्रेचा प्रश्न आजवर डॉक्टरांच्या ज्ञानाचा प्रश्न मानला गेला. मला तो त्याहून अधिक नोंदीचा आणि जबाबदारीच्या वाटणीचा प्रश्न वाटतो. वय, वजन, क्रिएटिनिन आणि ते तपासल्याची तारीख या चार गोष्टी प्रत्येक औषधचिठ्ठीवर लिहिणे बंधनकारक असावे, असे माझे म्हणणे आहे.

क्रिएटिनिन हा स्नायूंच्या रोजच्या कामातून तयार होणारा आणि मूत्रपिंडातून बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ आहे. ज्याच्या अंगावर स्नायू कमी, त्याच्या रक्तात तो मुळातच कमी तयार होतो. म्हणून म्हातारपणी, दीर्घ आजारात, कुपोषणात किंवा एखादा पाय कापावा लागल्यानंतर मूत्रपिंडाची क्षमता निम्म्यावर आली तरी क्रिएटिनिनचा आकडा सभ्य दिसत राहतो. ज्यांना औषधे सर्वांत जास्त लागतात, नेमक्या त्याच लोकांच्या बाबतीत हा आकडा सर्वांत जास्त फसवतो. हे नियामक संस्थांनाही पटलेले आहे. मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे औषध कोणाला देऊ नये, याची अमेरिकेतील मर्यादा पूर्वी थेट क्रिएटिनिनवर ठरलेली होती: पुरुषांसाठी १.५ आणि स्त्रियांसाठी १.४. २०१६ साली तेथील औषध प्रशासनाने ती बदलून मूत्रपिंडाच्या अंदाजित गाळणक्षमतेवर, म्हणजे ईजीएफआरवर आणली. हा आकडा ३० च्या खाली असेल तर औषध द्यायचे नाही, आणि ३० ते ४५ च्या दरम्यान असेल तर ते नव्याने सुरू करायचे नाही. जुन्या नियमामुळे धडधाकट स्नायूंच्या कितीतरी माणसांना एक चांगले औषध विनाकारण नाकारले जात होते, आणि किरकोळ अंगाच्या वृद्धांना ते बिनदिक्कत मिळत होते.

मात्रा चुकली की काय होते, हे गॅबापेन्टिनच्या उदाहरणाने नीट दिसते. मज्जातंतूंच्या वेदनेसाठी हे औषध फार मोठ्या प्रमाणावर लिहिले जाते. यकृत त्याला हात लावत नाही. जसे पोटात जाते तसेच ते मूत्रपिंडातून बाहेर पडते. मूत्रपिंड चांगले असेल तर रक्तातील त्याचे प्रमाण साधारण साडेसहा तासांत निम्मे होते. क्षमता ३० च्या खाली गेली की त्यालाच सुमारे ५२ तास लागतात, आणि मूत्रपिंडे पूर्ण निकामी झालेल्या रुग्णात, डायलिसिस नसलेल्या दिवशी, १३२ तास. डायलिसिस चालू असताना मात्र तो काळ ३.८ तासांवर येतो. सुरुवातीला सांगितलेल्या वृद्धेला पायांची आग होते म्हणून ६०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा दिली, तर दिवसाचे १८०० मिलिग्रॅम होतात. तिच्या ३२ या आकड्याला दिवसाची कमाल मात्रा १४०० आहे, तीही दोन वेळांत विभागून, आणि सुरुवात तर त्याहून पुष्कळ खालून करायची असते. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ती दिवसाही झोपू लागते, बोलताना अडखळते, हातातली वस्तू अचानक झटका बसून पडते, रात्री उठताना तोल जातो. घरच्यांना वाटते, वय झाले. पुढचा डॉक्टर झटक्यांसाठी एक औषध आणि चक्करीसाठी दुसरे औषध लिहितो. या साखळीतील कोणीही निष्काळजी असेलच असे नाही. तिचे वजन आणि तिचे क्रिएटिनिन एका कागदावर कधीच एकत्र आले नाही, एवढेच घडलेले असते.

असे एकच औषध नाही. स्नायूंचा ताठरपणा घालवणारे बॅक्लोफेन, नागिणीवरचे असायक्लोव्हिर, रुग्णालयांत जंतुसंसर्गासाठी दिले जाणारे सेफेपाइम, ही सर्व मूत्रपिंड अधू असताना साचतात आणि मेंदूवर परिणाम करून माणसाला भ्रमिष्ट करू शकतात. मॉर्फिनचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे, कारण मॉर्फिनचे रूपांतर यकृत करते पण त्यातून तयार होणारा, मॉर्फिनइतकाच किंवा त्याहून प्रभावी असलेला पदार्थ बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडाचे असते. म्हणून पहिल्या दिवशी ठीक वाटलेल्या रुग्णाचा श्वास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मंदावू शकतो. ग्लिबेनक्लामाइड या मधुमेहाच्या गोळीचेही तसेच आहे: तिचे सक्रिय अवशेष साचतात, आणि त्याच सुमारास, इन्सुलिन मोडून काढण्याचे मूत्रपिंडाचे कामही मंदावलेले असल्याने, साखर खूप खाली जाते आणि लवकर वर येत नाही.

इथपर्यंत वाचून कोणी असे म्हणेल की मग मूत्रपिंडाच्या रुग्णाला सगळीच औषधे अर्ध्या मात्रेत द्यावीत. हा समज पहिल्या चुकीइतकाच घातक आहे, आणि त्याविषयी बोलले फार कमी जाते, कारण जास्त औषधाने झालेली इजा दिसते आणि कमी औषधाने झालेला मृत्यू मूळ आजाराच्या नावावर जमा होतो. औषधाची पहिली मात्रा शरीरात ते कुठवर पसरते यावर अवलंबून असते. ते किती वेगाने बाहेर पडते याचा संबंध पुढच्या मात्रांशी असतो. गंभीर जंतुसंसर्ग झालेल्या माणसाला व्हँकोमायसिन द्यायचे असेल, तर मूत्रपिंड बंद पडलेले असले तरी पहिली मात्रा पूर्ण द्यावी लागते. काटछाट करायची ती नंतरच्या मात्रांत किंवा दोन मात्रांमधील अंतरात. शिवाय अशा रुग्णाचे क्रिएटिनिन दाखल होताना वाढलेले असते ते पुष्कळदा शरीरातील पाणी कमी झाल्यामुळे, आणि सलाइन मिळाल्यावर एक-दोन दिवसांत ते खाली येते. तोवर अँटिबायोटिकची मात्रा जर घाबरून कमी केलेली असेल, तर ज्या ४८ तासांत जीव वाचवायचा तेच तास अपुऱ्या औषधावर निघून जातात.

हृदयाचे ठोके अनियमित पडणाऱ्या रुग्णांना रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या अ‍ॅपिक्साबॅनबाबतही हेच दिसते. त्याची मात्रा ५ मिलिग्रॅमवरून २.५ वर आणण्यासाठी वय ८० किंवा अधिक, वजन ६० किलो किंवा कमी आणि क्रिएटिनिन १.५ किंवा अधिक या तीनपैकी किमान दोन गोष्टी असाव्या लागतात. एकटे क्रिएटिनिन वाढलेले पाहून मात्रा अर्धी केली, तर रुग्णाला औषध घेत असल्याचे समाधान मिळते आणि पक्षाघातापासून पुरेसे संरक्षण मिळत नाही. याउलट फ्युरोसेमाइडसारखे लघवी वाढवणारे औषध मूत्रपिंडाच्या नलिकेत पोहोचल्याशिवाय काम करत नाही, म्हणून मूत्रपिंड अधू झाल्यावर त्याची मात्रा वाढवावी लागते. आणि मूत्रमार्गाच्या संसर्गावरचे नायट्रोफ्युरँटॉइन मूत्रपिंड फार खालावल्यावर लघवीत पुरेसे उतरतच नाही. तेथे मात्रा कमी करा किंवा वाढवा, औषधच बदलावे लागते. डायलिसिसवरच्या रुग्णाच्या बाबतीत तर घड्याळही पाहावे लागते, कारण यंत्रातून निघून जाणारे औषध डायलिसिसच्या आधी दिले तर ते दिल्यासारखे होत नाही. मात्रा जुळवणे म्हणजे कमी करणे नव्हे, हे एवढ्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे की अर्धवट माहितीवर उभारलेली कोणतीही सक्ती अर्ध्या मात्रांचा सपाटा लावील, आणि तो माझ्या मागणीचा हेतू नाही.

यकृताकडे वळले की अडचण वेगळ्या जातीची आहे. मूत्रपिंडाला निदान एक आकडा आहे; यकृताची औषध पचवण्याची क्षमता सांगणारी तशी एकही साधी तपासणी नाही. अहवालातील एसजीओटी आणि एसजीपीटी या नोंदी यकृताच्या पेशींना इजा होत आहे का, एवढेच सांगतात. यकृत आक्रसून कडक झालेल्या, सिरोसिसच्या रुग्णात ते आकडे जवळजवळ सामान्य असू शकतात, कारण इजा होण्याजोग्या पेशीच थोड्या उरलेल्या असतात; उलट तीव्र काविळीत ते हजारांत जाऊनही औषध पचवण्याचे काम बऱ्यापैकी चालू असू शकते. औषधांच्या माहितीपत्रकांत यकृतासाठी चाइल्ड-प्यू या वर्गवारीचा आधार घेतलेला असतो. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा वेळ, पोटात साचलेले पाणी आणि मेंदूवरील परिणाम या पाच गोष्टींना गुण देऊन ५ ते ६ गुणांना अ, ७ ते ९ ना ब आणि १० ते १५ ना क वर्ग दिला जातो. या वर्गवारीचा जन्म १९६४ आणि १९७३ मध्ये शस्त्रक्रियेच्या संदर्भात झाला. रुग्ण शस्त्रक्रिया सोसेल का, याचा तो अंदाज होता. औषधाच्या मात्रेसाठी ती उसनी घेतलेली आहे आणि त्याहून चांगले काही नसल्यामुळे टिकून आहे.

म्हणूनच यकृताच्या रुग्णात औषधाची निवड मात्रेइतकीच महत्त्वाची ठरते. सिरोसिसमध्ये आतड्यांतून आलेले रक्त यकृताला वळसा घालून थेट शरीरात जाते, त्यामुळे प्रोप्रॅनोलॉलसारख्या ज्या औषधाचा मोठा भाग एरवी पहिल्याच फेरीत यकृत मोडून टाकते, त्याची नेहमीची गोळी कितीतरी जास्त जोराने लागते. झोपेच्या आणि अस्वस्थतेच्या औषधांत डायझेपाम यकृताच्या ज्या वितंचकांवर अवलंबून असते ती आजारात लवकर मंदावतात, तर लोराझेपामचा मार्ग बराच काळ शाबूत राहतो. म्हणून गरज पडलीच तर दुसरे निवडावे, आणि तेही हात राखून.

या बाबतीत सर्वांत जास्त नुकसान पॅरासिटामॉलविषयीच्या भीतीने होते, असे माझे ठाम मत आहे. पॅरासिटामॉल एकदम फार मोठ्या मात्रेत घेतले तर यकृत निकामी होते, हे खरे. पण त्यावरून यकृताच्या रुग्णाने ते घेऊच नये असा निष्कर्ष काढला जातो आणि त्याला आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक दिले जाते. सिरोसिसमध्ये मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा ज्या रसायनांच्या आधाराने कसाबसा टिकलेला असतो, तीच ही औषधे बंद करतात. त्यातून मूत्रपिंड बसते, पोटातील पाणी वाढते, आणि अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा असलेल्या माणसाला रक्तस्रावाचा धोका वाढतो. अशा रुग्णासाठी दिवसाला २ ग्रॅमच्या आत ठेवलेले पॅरासिटामॉल हेच अधिक सुरक्षित वेदनाशामक आहे. निरोगी प्रौढासाठी मर्यादा ४ ग्रॅम आहे. म्हणजे जुळवायची होती ती मात्रा, टाळायचे नव्हते ते औषध. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या मिश्र गोळ्यांमध्येही पॅरासिटामॉल असते हे मात्र ध्यानात ठेवावे लागते, नाही तर २ ग्रॅमची मर्यादा नकळत ओलांडली जाते.

दोन्ही अवयवांचे दुखणे एकत्र आले की क्रिएटिनिनची फसवणूक दुणावते. स्नायू ज्यापासून क्रिएटिनिन तयार करतात ते क्रिएटिन बनवण्यात यकृताचा मोठा वाटा आहे. सिरोसिसच्या रुग्णाचे यकृत ते कमी बनवते, त्याचे स्नायूही वितळलेले असतात, आणि पोटातल्या पाण्यामुळे वजनाचा काटा मात्र भलतेच सांगतो. अशा माणसाच्या अहवालात ०.९ हा आकडा पाहून निर्धास्त होणे म्हणजे त्याच्यावर मोठा अन्याय आहे. सिस्टॅटिन-सी ही स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली तपासणी येथे मदतीला येते, आणि निदान अशा निवडक रुग्णांसाठी ती सहज उपलब्ध असावी.

माझ्या मागणीवर जाणकार पहिला आक्षेप असा घेतील की प्रयोगशाळांनी अहवालातच ईजीएफआर छापला की काम भागते. ते निम्मेच भागते. त्याच ८० वर्षांच्या वृद्धेला २०२१ सालचे नवे सूत्र लावले तर उत्तर ५७ येते, ३२ नव्हे. नव्या सूत्रात वजन नसते; ते उत्तर १.७३ चौरस मीटर शरीरपृष्ठाच्या प्रमाण माणसासाठी असते, आणि १५० सेंटिमीटर उंचीच्या, ४५ किलोच्या बाईला ते लावायचे तर आणखी कमी करून ४५ च्या आसपास आणावे लागते. जुने सूत्र प्रामुख्याने पुरुषांवरून बसवलेले आहे आणि त्याच्याही उणिवा आहेत. पण कित्येक औषधांचे मात्रातक्ते त्याच सूत्रावर तयार झालेले असल्याने ते सोडूनही देता येत नाही. कोणत्या औषधासाठी कोणते सूत्र वापरायचे हा निर्णय जाणकाराने करायचा आहे, आणि तो करता यावा म्हणून तयार उत्तराऐवजी मूळ चार नोंदी चिठ्ठीवर हव्यात. तारीख तर हवीच, कारण ही सर्व सूत्रे क्रिएटिनिन स्थिर आहे असे धरून चालतात. मूत्रपिंड अचानक बंद पडले त्या दिवशी रक्तातील क्रिएटिनिन अजून वर चढायचे असते, आणि सहा महिन्यांपूर्वीचा चांगला आकडा जुलाबांनी गळून गेलेल्या आजच्या रुग्णाविषयी काहीच सांगत नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा असतो. गर्दीच्या दवाखान्यात चार नोंदींसाठी वेळ कुठून आणायचा? यावर माझे म्हणणे असे की सर्व औषधांना ही कसरत लागत नाही. ज्यांची मात्रा मूत्रपिंडावर ठरते अशा, नेहमी वापरल्या जाणाऱ्या औषधांची यादी मर्यादित आहे. संगणकावर चिठ्ठी लिहिली जाते तेथे त्या औषधांपुरतीच सूचना यावी. प्रत्येक गोळीला इशारा देणारी यंत्रणा डॉक्टरांना इशारे न वाचताच पुढे जाण्याची सवय लावते, आणि मग खरा इशाराही त्याच सवयीने ढकलला जातो. शिवाय औषध देणाऱ्या फार्मासिस्टला आज केवळ नाव आणि मात्रा दिसते. त्याचे शिक्षण याच विषयाचे असूनही त्याला तपासणीचे काम करता येत नाही, कारण तपासायला काही दिलेलेच नसते. जपानमधील काही रुग्णालये बाह्यरुग्णांच्या औषधचिठ्ठीवर क्रिएटिनिनसारख्या निवडक तपासण्यांचे आकडे छापून देतात, म्हणजे बाहेरच्या दुकानातील फार्मासिस्टलाही मात्रेची शहानिशा करून डॉक्टरांना विचारता येते. ही व्यवस्था खर्चिक नाही. तिच्यासाठी फार्मासिस्टच्या प्रश्नाला हस्तक्षेप न समजण्याची तयारी मात्र लागते, आणि ती कागदावरच्या रकान्याने येणार नाही. त्यासाठी अशा प्रश्नाला लेखी उत्तर देणे हा डॉक्टरांच्या कामाचा नियमित भाग धरावा लागेल.

रुग्णाच्या खासगीपणाचा मुद्दाही काढला जातो. तो खरा आहे, पण चिठ्ठीवरच्या औषधांच्या नावांवरून आजार आजही कळतोच. क्रिएटिनिनच्या आकड्याने त्यात फारशी भर पडत नाही. ज्याला ते नको असेल त्याला नकार देण्याची मुभा असावी.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. वय, वजन, क्रिएटिनिन हाताशी असूनही पुष्कळ औषधांच्या बाबतीत योग्य मात्रा सांगणारा भरवशाचा पुरावाच नसतो. नव्या औषधांच्या मोठ्या चाचण्यांतून मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा बळावलेला आजार असलेले रुग्ण बहुतेक वेळा वगळले जातात. त्यांच्यासाठी काही थोड्या लोकांवर एकाच मात्रेचा अभ्यास होतो, रक्तातील प्रमाण मोजले जाते आणि त्यावरून तक्ता बनतो. त्या मात्रेने आजार बरा होतो का, हे तपासलेलेच नसते. म्हणून वेगवेगळे संदर्भग्रंथ एकाच औषधासाठी वेगवेगळी मात्रा सांगतात, आणि माहितीपत्रकात 'मूत्रपिंडाच्या व यकृताच्या रुग्णांत जपून वापरावे' असे वाक्य येते. जपून म्हणजे किती मिलिग्रॅम, किती तासांनी आणि कोणती तपासणी करून, हे त्या वाक्यात नसते. मधुमेह आणि रक्तदाब हीच मूत्रपिंड खराब होण्याची प्रमुख कारणे असताना, मधुमेहाचे आणि रक्तदाबाचे औषध मूत्रपिंड खराब झालेल्यांवर न तपासता बाजारात येऊ देणे मला समर्थनीय वाटत नाही. जे औषध अशा रुग्णांना दिले जाणार हे आधीच स्पष्ट आहे, त्याच्या मुख्य चाचणीत त्यांचा पुरेसा समावेश असल्याशिवाय परवाना देऊ नये, आणि आधीच बाजारात असलेल्या औषधांच्या पत्रकांतील ते 'जपून' हे वाक्य एका ठरावीक मुदतीत आकड्यांनी बदलायला लावावे. ज्या कंपनीकडे आकडे नसतील, तिने या रुग्णांवर अभ्यास झालेला नाही असे पत्रकात स्पष्ट छापावे, म्हणजे निदान लिहिणाऱ्याला आणि घेणाऱ्याला आपण अंदाजाने चाललो आहोत हे ठाऊक असेल.